कप्तानाची आमदारकी

तो कुठल्या मतदारसंघाचा आमदार होता आणि कुठल्या पक्षाचा, ते मी लिहिणार नाही. त्याची मुलं आहेत, नातवंडं शाळेत जातात. नीरा नदीच्या पलीकडचा होता, एवढं पुरे. आम्ही त्याला कप्तान म्हणायचो, कारण बारामतीच्या कॉलेजात तो कबड्डीच्या संघाचा कप्तान होता आणि मी त्याच्याच संघात डाव्या कोपऱ्यात खेळायचो.

पुढं पांढऱ्या कपड्यांत, पोट सुटलेला कप्तान ज्यांनी पाहिला त्यांना हे सांगून पटत नसे. पण त्या काळात तो चढाईला निघाला की बसलेली माणसं उठून उभी राहायची. अंगानं सडपातळ, पण दम असा, की समोरचे सातही जण वाट बघून कंटाळायचे. त्याला घाई नसायची. समोरचा एखादा उतावळा होऊन पुढं येईपर्यंत तो नुसता डुलत राहायचा, मग एकदम आत शिरून हात लावून परत. विद्यापीठाच्या संघात दोन वर्षं खेळला. दुसऱ्या वर्षी एका सामन्यात त्याचा गुडघा गेला. सुजून नारळाएवढा झाला, तरी पट्टी बांधून सामना पुरा केला, आणि त्यानंतर मैदानात पुन्हा उतरला नाही.

हॉस्टेलवर आमची खोली एक होती. तो चहा घ्यायचा नाही, सिनेमाला यायचा नाही, उजाडायच्या आत मारुतीला जाऊन यायचा. कॉलेजात मुलींचा संघ निघाला तेव्हा ह्यानं प्राचार्यांकडं जाऊन सांगितलं, "पोरींनी खेळावं की. पण अंग झाकून खेळावं." आम्ही हसलो. तो हसला नाही. नंतर खूप पुढारी पाहिले मी, बोलायचे एक आणि करायचे दुसरंच. कप्तान तसा नव्हता. जे बोलायचा त्यावर त्याचा विश्वास होता. आमचं जे झालं ते त्यातूनच झालं.

सुट्टीत तो आमच्याकडं कळसला यायचा. आमच्या घरात आबा, मी आणि माझी धाकटी बहीण. आई गेली तेव्हा धाकटी चार वर्षांची होती आणि मी सोळा वर्षांचा. तिच्या वेण्या मी घातल्या, तिला बाराखडी मी शिकवली. आबा पूर्वी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे. मेंढरं विकून शेतीला लागले तरी कुणाकडून तरी लोकर आणून ओट्यावर कातत बसायची सवय त्यांची गेली नव्हती. कप्तान त्यांच्याजवळ बसून तासन् तास बोलायचा. धाकटी मला राखी बांधायची तेव्हा एक त्यालाही बांधायची. त्याचा गुडघा दुखायला लागला की ती कढत पाण्याचं फडकं घेऊन यायची. "कप्तानदादा, आता पळून दाखवा," म्हणायची.

कॉलेज संपल्यावर मी इंदापुरात एका हायस्कुलात मराठी आणि खेळ शिकवायला लागलो. कप्तान शेतीत गेला, मग पंचायत समितीत, मग जिल्हा परिषदेत. धाकटी बी.ए. झाली आणि बारामतीला टायपिंग शिकायला जाऊ लागली. सकाळची एस.टी. धरायची, दुपारी परत. त्या क्लासमध्ये शिकवणारा एक मुलगा होता. शांत, चष्मा लावणारा. तो आमच्यातला नव्हता.

नव्वदीच्या मध्यातली ही गोष्ट. एका सोमवारी ती परत आली नाही. माझ्या पुस्तकात चिठ्ठी सापडली: "दादा, मी माझ्या मनानं जातेय. कुणी फसवलेलं नाही. लग्न झालं की आबांच्या पाया पडायला येऊ. तोवर तू त्यांना समजावून सांग. तुझं ते ऐकतील."

मी समजावून सांगितलं नाही. मी ती चिठ्ठी आबांना वाचून दाखवली. त्यांनी ऐकली, आणि एवढंच म्हणाले, "आण तिला."

मी तडक नदीपलीकडं कप्तानाकडं गेलो. त्याच्या ओसरीवर बसून मी रडलो, हे मला आठवतं. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मास्तर, रडू नकोस. कुठं हाय तेवढं कळू दे. माझी बी बहीण हाय ती."

त्याला कळायला चार दिवस लागले. नोंदणीनं लग्न करायचं तर महिनाभर आधी नोटीस द्यावी लागते, आणि ती नोटीस पुण्यातल्या कचेरीत फळ्यावर लावलेली असते. कप्तानाच्या ओळखीच्या एका वकिलानं ती पाहिली. धाकटी हडपसरला त्या मुलाच्या चुलतबहिणीकडं राहत होती. मुदत संपायला अजून बरेच दिवस होते.

आम्ही दोघंच गेलो. जीप कप्तान चालवत होता. यवतच्या पुढं गेल्यावर तो म्हणाला, "तू वर येऊ नकोस. खाली जीपमध्येच बस."

"का?"

"तुझं तोंड बघून तिला कळंल."

काय कळेल, ते मी विचारलं नाही. एवढं मराठी शिकवणारा माणूस मी. त्या वाक्याचा अर्थ मला लागला नव्हता असं मी म्हणू शकत नाही.

हडपसरला एका चाळीपुढं त्यानं जीप लावली. दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर कुणाची तरी साडी वाळत होती. तो गुडघ्यावर हात दाबत जिना चढला. पंधरा मिनिटंही झाली नसतील, धाकटी धावत खाली आली. पायात दुसऱ्याच कुणाची तरी मोठी चप्पल, केस नीट बांधलेले नाहीत. तो मुलगा कामावर गेलेला होता. ती जीपमध्ये चढली, माझा हात दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "दादा, आबा शुद्धीवर हायेत का?"

कप्तान पुढं चढून बसला. आरशातून त्यानं माझ्याकडं पाहिलं.

त्या क्षणी मी खरं बोललो असतो तर ती उतरली असती. जीप सुरूही झालेली नव्हती. दार तिच्या बाजूचं उघडं होतं. मी म्हणालो, "हायेत. बस लवकर."

तिनं दार लावून घेतलं.

रस्ताभर तिनं माझा हात सोडला नाही. पाटसला बारामतीचा फाटा मागं पडला तेव्हा ती म्हणाली, "दादा, दवाखाना तिकडं बारामतीला हाय ना?"

कप्तानच बोलला. "घरी आणलंय त्यांना."

आमच्याकडं दवाखान्यातून म्हातारं माणूस घरी आणलं याचा अर्थ एकच असतो. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागली. "माझ्यामुळं झालं, दादा. माझ्यामुळं झालं." भिगवण गेलं, तरी ती तेच म्हणत होती. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत होतो. तो हात माझाच होता, आणि तोंड माझंच बंद होतं.

कळसला आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आबा ओट्यावर लोकर कातत बसले होते. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "आलीस?"

धाकटी जीपमधून उतरून तिथंच उभी राहिली. तिनं आबांकडं पाहिलं, मग कप्तानाकडं, आणि शेवटी माझ्याकडं. ओरडली नाही, रडणंही थांबलं. ती चप्पल काढून तिनं बाजूला नीट ठेवली, रांजणातलं पाणी स्वतः घेऊन प्यायली आणि आत गेली. कप्तान मला हळू आवाजात म्हणाला, "चार दिवस धुसफुसंल. मग बरी होईल." त्याचेही डोळे ओले होते. मी हे खोटं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझ्यापुढं भाकरी ठेवली आणि म्हणाली, "सर, अजून कालवण पायजे का?"

दादा हा शब्द तिनं पुन्हा उच्चारला नाही.

तीन आठवड्यांत तिचं लग्न झालं, निरवांगीला, ऊस असलेल्या चांगल्या घरात. नवरा साधा माणूस. कारखान्याचे सभासद, घरापुढं ट्रॅक्टर, सासू प्रेमळ. लोक म्हणाले, नशीब काढलं पोरीनं. लग्नात कप्तानानं मामाच्या जागी उभं राहून तिला बोहल्यावर आणलं.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी तो चष्मेवाला मुलगा माझ्या शाळेच्या फाटकापाशी आला. मला वाटलं, भांडायला आला. त्याच्या हातात एक पाकीट होतं. "टायपिंगचा निकाल लागला, सर. ती पास झाली. हे तिचं सर्टिफिकेट. तेवढं तिला द्या." त्याला आणखी काही बोलायचं होतं, पण प्रार्थनेची घंटा झाली. मी पाकीट घेऊन स्टाफरूमच्या खणात ठेवलं. आज देऊ, उद्या देऊ असं करत राहिलो. पुढच्या उन्हाळ्यात शाळेनं जुनी कपाटं बदलली, आणि ते पाकीट रद्दीत गेलं.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. कप्तानानं कुणाला सांगितलं नव्हतं; लोकांनीच सांगितलं. मग लोक त्याच्याकडं यायला लागले. कुणाची मुलगी, कुणाची पुतणी. तो जीप काढायचा आणि घेऊन यायचा. "हा माणूस पोरगी घरी आणतो," अशी त्याची ख्याती झाली. त्याच्या पक्षातल्या मोठ्यांच्या कानावर ते गेलं. जुन्या वळणाचा, दारू न पिणारा, घराची इज्जत सांभाळणारा, शिवाय विद्यापीठाचा खेळाडू. पुढच्या निवडणुकीत त्याला तिकीट मिळालं आणि तो निवडून आला. गुलालात माखलेला कप्तान ओसरीवर मला मिठी मारून म्हणाला, "मास्तर, आता तू माझी भाषणं लिहायची."

मी लिहिली. का लिहिली, हे आजही मला नीट सांगता येत नाही. त्यानं माझं काम केलं होतं, असं तेव्हा वाटायचं. त्यानं चांगलं केलं तेही सांगितलं पाहिजे. त्याच्या भागातली दारूची दुकानं त्यानं बायकांना घेऊन बंद पाडली. हायस्कुलात जाणाऱ्या मुलींसाठी एस.टी.च्या जादा गाड्या सुरू केल्या. फक्त त्या पाचच्या आत घरी पोचल्या पाहिजेत, अशी डेपो मॅनेजरला त्याची ताकीद असे. विधानसभेत त्यानं एकदा मागणी केली, की नोंदणी विवाहाला आईवडिलांच्या संमतीची अट घालावी. पेपरात त्याच्या फोटोसह ती बातमी आली. त्यातली वाक्यं माझी होती. "ज्या हातांनी पाळणा हलवला त्या हातांना सहीचाही अधिकार नसावा काय?" हे मी इंदापुरात, शाळेच्या टेबलावर, निबंधाच्या वह्या बाजूला सारून लिहिलं होतं.

धाकटीकडं मी सणावाराला जायचो. ती पाणी द्यायची, जेवायला वाढायची. "सर, घरी सगळे बरे?" म्हणायची. तिच्या सासूला वाटायचं, भाऊ शिक्षक म्हणून ती मानानं सर म्हणते. सासूला त्याचं कौतुक होतं.

त्याची आमदारकी निम्मी झाली असेल, तेव्हा निरवांगीला एका सभामंडपाचं उद्घाटन ठरलं. धाकटीच्या दिरानं पुढाकार घेऊन पाहुणा म्हणून कप्तानाला बोलावलं. मला स्टेजवर बसवलं. डाव्या हाताला बायका बसल्या होत्या. दुसऱ्या रांगेत धाकटी, मांडीवर वर्षाचा मुलगा. मी लिहून दिलेलं भाषण कप्तानानं दोन मिनिटं वाचलं. मग कागद घडी करून खिशात घातला.

"कागदावरचं राहू द्या," तो म्हणाला. "मनातलं सांगतो. माझा एक जिवलग मित्र हाय. त्याची बहीण चुकीच्या वाटंला लागली होती. बाप अन्नपाणी सोडून बसला होता. मी गेलो, त्या पोरीला हाताला धरून घरी आणलं. आज ती सोन्यासारखा संसार करती. तुमच्याच गावात हाय ती. नाव घेत न्हाय मी. पण तिला बघितलं की मला वाटतं, आमदार झालो न्हाय झालो, एवढं एक पुण्य माझ्या नावावर हाय!"

बोलताना त्याचा हात नकळत माझ्याकडं झाला होता. सगळी सभा आधी माझ्याकडं बघू लागली आणि मग बायकांच्या बाजूला. टाळ्या सुरू झाल्या. मला मान खाली घालायची होती, पण मी तिच्याकडं पाहिलं. तिच्या जावेनं तिला कोपरानं ढोसलं. धाकटीनं मुलाला मांडीवर सावरून घेतलं आणि तीसुद्धा टाळ्या वाजवायला लागली. सगळ्यांच्या थांबल्या तरी तिच्या थोडा वेळ चालूच होत्या.

सभा संपल्यावर मी कप्तानाला गाडीजवळ गाठलं. "ते का सांगितलंस तू? आबांनी कुठं अन्नपाणी सोडलं होतं?"

त्याला खरोखर कळलं नाही. "नाव घेतलं का मी? आणि वाईट काय सांगितलं? घर हाय, ऊस हाय, पोरगा झाला. चांगलंच झालं की तिचं."

"तिला विचारलंस?"

"काय विचारायचं?" तो म्हणाला. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो काढला. त्या दिवसानंतर मी त्याला एक ओळ लिहून दिली नाही.

पुढच्या निवडणुकीत तो पडला. पक्षातलेच काही जण फुटून समोर उभे राहिले होते. ज्यांच्या पोरी त्यानं परत आणल्या होत्या त्यांतल्या बऱ्याच जणांनी त्याचं काम केलं नाही. एखादा त्याच्यासमोरून गेला की मान फिरवायचा, असं मला नंतर कळलं. मला त्याचं नवल वाटलं नाही. मीही तेच करत होतो.

निकालानंतर काही महिन्यांनी आबा वारले. तो कळसला आला. दहाव्याला नदीकाठी सगळ्यांच्या मागं उभा राहिला, आणि लोक पांगल्यावर माझ्याजवळ येऊन खाली बसला. बसताना गुडघा वाकवता येईना, म्हणून पाय लांब करून बसला.

"मास्तर, एक सांगायचं राहिलं," तो म्हणाला. "हडपसरला मी वर गेलो, आबांचं सांगितलं, तर तिचा माझ्यावर विश्वास बसंना. म्हणाली, तुमी खोटं सांगताय. मग तिनं विचारलं, दादा आलाय का? मी म्हटलं, खाली हाय. ती कठड्यावरनं वाकली आणि तू बसलेला दिसलास. मग म्हणाली, दादा आलाय म्हंजे खरं असंल." त्यानं लांब केलेला गुडघा चोळला. "मला तवा वाटलं, काम सोपं झालं. आता ते आठवलं की जेवण जात न्हाय."

त्याच्याशी ते माझं जवळजवळ शेवटचं बोलणं. पुन्हा तो निवडणुकीला उभा राहिला नाही.

महिन्याभरानं मी निरवांगीला गेलो. सणवार नसताना, मुद्दाम. घरात ती एकटीच होती; गोठ्यापुढं गव्हाची चाळणी घेऊन बसली होती. मी समोर बसलो आणि म्हणालो, "त्या दिवशी मी जीपमध्ये खोटं बोललो. मला माफ कर."

तिचे हात थांबले नाहीत. मला वाटलं, तिनं ऐकलं नाही. मग म्हणाली, "आबा बरे हायेत, पण घरी चल, आबांना सोसंना, असं खरं सांगितलं असतंत, तर काय झालं असतं सर?"

"तू आली नसतीस."

"मला न्हाय ठाऊक." तिनं चाळणीतला खडा वेचून बाजूला टाकला. "आले असते का न्हाय, ते मला कधी कळलंच न्हाय. लई वेळा विचार केला. आबांसाठी आले असते का? का त्याच्याजवळच ऱ्हायले असते? अजून बी उत्तर येत न्हाय. हा संसार वाईट न्हाय. माणूस चांगला हाय. पण हितं मी स्वतः आले का मला आणलं, एवढं तरी माझं मला कळायला पायजे होतं. ते तुमी दोघांनी मिळून नेलं."

मला वाटत होतं, ती रडेल, शिव्या देईल, आणि मग काहीतरी मोकळं होईल. तसलं काही झालं नाही. तिनं गहू डब्यात भरले, हात झटकले आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली. तेवढ्यात तिचा नवरा शेतातून आला. मला बघून त्याला आनंद झाला. ऊस कधी जाणार, कारखान्याची टोळी अजून कशी आली नाही, हे तो मला सांगत बसला. चहा झाल्यावर तो मला रस्त्यापर्यंत सोडायला आला. धाकटी दारातनं बाहेर आली नाही.

एस.टी.त गर्दी होती. इंदापुरापर्यंत मी उभ्यानं आलो. माझाच एक जुना विद्यार्थी उठून जागा देत होता, पुन्हा पुन्हा म्हणत होता, "बसा ना सर." मी बसलो नाही.